बचावपटूचा ट्रेडमधला भाव कसा काढायचा: एनबीए नव्याने पाहणाऱ्यांसाठी

२०२२ साली एनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगच्या, सर्वोत्तम बचावपटूच्या मतदानात पहिला आला बॉस्टनचा मार्कस स्मार्ट, दुसरा फीनिक्सचा मिकाल ब्रिजेस आणि तिसरा यूटाचा रूडी गोबेर. पुढच्या सव्वादोन वर्षांत तिघांचेही संघ बदलले. तिसऱ्या आलेल्या गोबेरसाठी मिनेसोटाने पाच खेळाडू, पहिल्या फेरीचे चार पिक आणि वर एक स्वॅप मोजला (दोन्ही नवे खेळाडू निवडण्याचे हक्क, पायरी १ मध्ये सांगतो). दुसऱ्या आलेल्या ब्रिजेससाठी न्यूयॉर्कने पहिल्या फेरीचे पाच पिक दिले. आणि पहिला आलेला स्मार्ट? त्याच्यासाठी मेम्फिसने दिला एक चांगला राखीव गार्ड (चेंडू पुढे घेऊन येणारा, सहसा छोट्या चणीचा खेळाडू) आणि दोन पिक. पावणेदोन वर्षांच्या आत मेम्फिसलाच तो नकोसा झाला. तेव्हा त्याला वॉशिंग्टनला धाडताना त्यांनी पदरचा एक पिक वर घातला.

गुणपत्रिका एक सांगते आणि बाजार दुसरंच. नव्याने एनबीए पाहणारी मंडळी इथेच गोंधळतात. गुण करणाऱ्याची किंमत ढोबळमानाने कळते, २५ गुणांच्या सरासरीवाला महाग आणि १० वाला स्वस्त. बचाव करणाऱ्याची किंमत कशावरून काढायची? शाळेच्या संघात मीही बचावाचाच होतो. गुणफलक लिहिणाऱ्या पोराला अख्ख्या वर्षात माझं नाव लिहायची वेळ फारशी आली नाही, त्यामुळे या प्रश्नात माझा थोडा जीव अडकलेला आहे. ट्रेडची, म्हणजे संघांमधल्या अदलाबदलीची, बातमी वाचून 'हे महाग पडलं' किंवा 'हा तर फुकटात मिळाला' असं म्हणण्याआधी मी जे बघतो, ते क्रमाने सांगतो.

पायरी १: आधी चलन ओळखा

कबड्डीच्या लिलावाची सवय असेल तर पहिली ठेच इथेच लागते. २०१८च्या प्रो कबड्डी लिलावात यू मुंबाने डाव्या कोपऱ्याच्या फझल अत्राचलीवर १ कोटी रुपये लावले. संपला विषय, बचावपटूचा भाव १ कोटी. एनबीएत असा सरळ आकडा कुठेच लिहिलेला नसतो. खेळाडूच्या बदल्यात खेळाडू द्यायचे किंवा ड्राफ्टचे, म्हणजे दरवर्षी होणाऱ्या नव्या खेळाडूंच्या निवडीचे, हक्क द्यायचे. रोख रक्कम असलीच तर मर्यादेत, वरकड म्हणून. खेळाडूचा चालू करार जसाच्या तसा नव्या संघाकडे जातो.

ड्राफ्टच्या हक्काला सगळे पिक म्हणतात. ड्राफ्टच्या दोन फेऱ्या असतात आणि जो संघ जास्त हरतो त्याला वरचा नंबर मिळण्याची शक्यता जास्त. म्हणजे २०२९ चा पिक आज देणं म्हणजे 'तोवर आमचा संघ चांगलाच असेल' अशी पैज लावणं. कोकणात मोहर बघून व्यापारी बाग घेतो, तसाच हा व्यवहार. मोहर दिसतो, आंबा किती उतरेल ते कुणालाच ठाऊक नसतं. इथे तर कधीकधी कलमही अजून लावलेलं नसतं.

दोन शब्द आणखी. पिक 'टॉप-५ प्रोटेक्टेड' असेल तर नंबर पहिल्या पाचात लागल्यास देणारा तो स्वतःकडेच ठेवतो. 'स्वॅप' म्हणजे दोन संघांच्या पिकांपैकी जो वरचा, तो घेण्याचा हक्क. दुसऱ्या फेरीचे पिक म्हणजे सुट्टे पैसे. दहा बातम्यांपैकी नऊ वेळा त्यांच्याकडे दुर्लक्ष केलंत तरी चालेल.

आता एक गंमत बघा. गोबेरसाठी मिनेसोटाने दिलेले पिक २०२३, २०२५, २०२७ आणि २०२९ चे. न्यूयॉर्कने ब्रिजेससाठी स्वतःचे दिले २०२५, २०२७, २०२९, २०३१ चे. एकाआड एकच वर्षं का? कारण लागोपाठच्या दोन भावी वर्षांत संघाला पहिल्या फेरीतून पूर्ण बाहेर राहता येत नाही. १९८०च्या दशकात क्लीव्हलँडचे मालक टेड स्टेपियन यांनी पिक असे काही उधळले की लीगला हा नियम करावा लागला, आणि तो आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो. शिवाय सात वर्षांपलीकडचं काही देता येत नाही. म्हणून एकाआड एक चार वर्षांचे पिक दिसले की समजायचं, घेणाऱ्याने गल्ला पालथा केला. मधल्या वर्षाचा स्वॅप देता येतो, कारण त्यात पिक बदलतो पण हात रिकामा राहत नाही. मिनेसोटाने २०२६ चा तसाच दिला. न्यूयॉर्कचा पाचवा पिक मुळात मिलवॉकीचा होता, त्यांच्याकडे आधीच आलेला.

पायरी २: तो नेमका कशाचा राखणदार आहे?

'चांगला डिफेन्डर' एवढ्याने भाव ठरत नाही. मी तीन जाती करतो.

पहिली, रिंग राखणारा उंच माणूस. गोबेर सात फूट एक इंच. तो रिंगखाली उभा असला की बाकीचे चौघे बिनधास्त पुढे जाऊन दबाव टाकतात, कारण मागे भिंत आहे. एकट्याच्या जोरावर अख्ख्या संघाचा बचाव उचलून धरणारी ही एकमेव जात. पण गिऱ्हाईक मोजकं, कारण असा माणूस बहुतेक संघांना एकच लागतो, आणि ज्यांच्याकडे आहे ते फोनही उचलत नाहीत.

दुसरी, विंग. साडेसहा फुटांच्या आसपासचा, लांब हातांचा, छोट्या गार्डपासून मोठ्या फॉरवर्डपर्यंत कुणालाही धरू शकणारा. ब्रिजेस, ओजी अनुनोबी. हे तिसांच्या तिसही संघांना हवे असतात आणि एका संघात तीन असले तरी जास्त होत नाहीत. बाजार सगळ्यात मोठा यांचा.

तिसरी, चेंडू घेऊन येणाऱ्याच्या अंगाला चिकटणारा गार्ड. स्मार्ट याच जातीतला, सव्वासहा फुटांचा. २०२२ चा पुरस्कार मिळाला तेव्हा १९९६च्या गॅरी पेटननंतर तो मिळवणारा तो पहिलाच गार्ड होता. पंचवीस वर्षं मतदारांना गार्डच्या बचावाची आठवण झाली नाही, यात बाजाराचं उत्तरही थोडंसं दडलेलं आहे. छोट्या माणसाने कितीही जीव तोडला तरी उंच माणूस त्याच्या डोक्यावरून शॉट मारू शकतो. या जातीचा भाव सर्वात आधी घसरतो.

पायरी ३: आकडे वाचा, पण हाताने चाचपून

स्टील (चेंडू हिसकावणं) आणि ब्लॉक (शॉट अडवणं) १९७३–७४ पासून मोजले जातात आणि तेव्हापासून लोकांना फसवत आहेत. स्टील घ्यायला जो सारखा झेपावतो तो दहातल्या सात वेळा जागा सोडतो, आणि मागे रिकामी पडलेली वाट भरायला दुसऱ्याला धावावं लागतं. तो दुसरा कुठल्याच आकड्यात येत नाही.

याचं आपल्या ओळखीचं उदाहरण आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये मुंबईत वरळीच्या डोममध्ये इंडियाना पेसर्स आणि सॅक्रामेंटो किंग्ज यांचे दोन सराव सामने झाले, भारतातले एनबीएचे पहिलेच. त्या पेसर्सच्या संघात माइल्स टर्नर होता. २०१८–१९ च्या हंगामात सरासरी ब्लॉकमध्ये तो लीगमध्ये अव्वल होता, पुढे २०२०–२१ मध्येही. आणि या दोन्ही वर्षी मतदानाने निवडल्या जाणाऱ्या सर्वोत्तम बचाव संघात त्याला जागा मिळाली नाही. ना पहिल्या, ना दुसऱ्या. ब्लॉक मोजणारे आणि मत देणारे एकाच गोष्टीकडे बघत नव्हते.

थोडा जास्त भरवशाचा आकडा म्हणजे तो मैदानावर असताना आणि नसताना समोरचा संघ १०० पझेशनमागे (चेंडू ताब्यात आल्याच्या १०० खेपांमागे) किती गुण करतो, त्यातला फरक. पण एका हंगामाच्या फरकावर जाऊ नका. तो बसलेला असताना त्याच्याबरोबरचे चांगले खेळाडूही बसलेले असू शकतात. तीन हंगाम एका दिशेला बोट दाखवत असतील तर विश्वास ठेवा.

आणि एक काम नक्की करा. सकाळी चहा घेताना सामन्याचा एक क्वार्टर फक्त त्या एकाच खेळाडूवर नजर ठेवून बघा, चेंडू कुठे आहे ते विसरून. तो बोलतोय का, हात कुठे आहेत, पडद्याला, म्हणजे वाट अडवून उभ्या असलेल्या प्रतिस्पर्ध्याला, अडकल्यावर किती पावलांत परत येतो. बारा मिनिटांत जे कळतं ते तक्त्यात मिळत नाही. पहिल्यांदा कंटाळा येईल, मलाही आला होता.

पायरी ४: त्याला मोकळा सोडला तर काय होतं?

माझ्या मते बचावपटूचा अर्धा भाव या एका प्रश्नात आहे, आणि हा प्रश्न बचावाचा नाहीच. बचावपटू कितीही थोर असला तरी निम्मा वेळ त्याला आक्रमणाच्या बाजूला उभं राहावं लागतं. प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेरीत, समोरचा प्रशिक्षक तुमचा सर्वात कच्चा दुवा शोधतो आणि सात सामने त्यावरच हातोडा मारतो. शेवटच्या पाच मिनिटांत ज्याला बाकावर बसवावं लागतं, त्याच्यासाठी कुणी चार पिक देत नाही.

२०१५ ची मेम्फिस विरुद्ध गोल्डन स्टेट मालिका. मेम्फिस २–१ ने पुढे, आणि टोनी अॅलन स्टीफन करी–क्ले थॉम्पसनच्या नाकात दम आणत होता. चौथ्या सामन्यात प्रशिक्षक स्टीव्ह कर यांनी आपला सेंटर, म्हणजे रिंगजवळ खेळणारा उंच खेळाडू, अँड्र्यू बोगट अॅलनवर लावला. लावला म्हणजे काय, बोगट रिंगखाली जाऊन उभा राहिला आणि अॅलनला सांगितलं, मार बाबा हवे तेवढे शॉट. अॅलनचे शॉट पडेनात, मेम्फिसच्या उंच खेळाडूंना रिंगखाली हलायला जागा उरेना आणि त्या सामन्यात अॅलनची मिनिटं आटली. पुढचे तिन्ही सामने गोल्डन स्टेटने जिंकले. अॅलन त्या वर्षी सर्वोत्तम बचाव संघाच्या पहिल्या पाचात होता.

तेव्हापासून बाजाराने हा धडा पाठ केलाय. मॅटिस थायबुल २०२१ आणि २०२२ असे सलग दोन वर्षं दुसऱ्या सर्वोत्तम बचाव संघात होता, वय पंचविशीचं. फेब्रुवारी २०२३ मध्ये फिलाडेल्फियाने त्याला पोर्टलंडला दिला तेव्हा त्यांच्या हाती पहिल्या फेरीचा एकही पिक आला नाही. बाहेरून त्याला मोकळं सोडायला कुणी घाबरत नव्हतं, एवढंच कारण.

म्हणून कोपऱ्यातून तीन गुणांचा शॉट किती टक्के पडतो ते बघा. कोपऱ्यातलं अंतर २२ फूट, समोरून २३ फूट ९ इंच. बचावपटूला आक्रमणात बहुतेक वेळा त्या कोपऱ्यातच उभं करतात, त्यामुळे त्याचं पोट तिथे भरलं पाहिजे. माझा ठोकताळा असा: ३७–३८ टक्क्यांच्या पुढे असेल आणि मारताना कचरत नसेल तर भाव पूर्ण धरा. ३३–३४ असेल तर एक पिक कमी करा. त्याखाली असेल तर सुट्टे पैसे. आणि 'कचरत नसेल' हे विसरू नका. वर्षात चाळीसच शॉट मारून ४० टक्के मिळवणाऱ्याला कुणीच धरायला धावत नाही.

या एका प्रश्नावर आख्खा ट्रेड कसा उभा राहतो ते २०२४ च्या जूनमध्ये दिसलं. ओक्लाहोमा सिटीने जॉश गिडी शिकागोला दिला आणि अॅलेक्स करूसो घेतला. एकास एक, पिकबिक काही नाही. गिडी २१ वर्षांचा, २०२१ च्या ड्राफ्टमधला सहावा, पास देण्यात वाकबगार. करूसो तिशीचा, ड्राफ्टमध्ये कुणी घेतलाच नव्हता असा. कागदावर शिकागोने लॉटरी मारली. पण त्याआधीच्या महिन्यात डॅलसने गिडीला बाहेर मोकळं सोडून सोडून त्याची मिनिटं खाल्ली होती, आणि ओक्लाहोमाला ती कळ सोसवत नव्हती. वर्षभराने डेन्व्हरविरुद्ध सातव्या सामन्यात साडेसहा फुटांपेक्षा इंचभर कमीच असलेला करूसो निकोला योकिचला धरताना दिसला. ओक्लाहोमाने तो सामना १२५–९३ जिंकला आणि पुढे अजिंक्यपदही.

उंच माणसाची परीक्षा वेगळी असते. त्याला रिंगपासून लांब ओढून बघतात. जून २०२१ मध्ये क्लिपर्सने यूटाविरुद्ध पाचही नेमबाज मैदानात उतरवले. गोबेर रिंगला मदत करायला आत गेला की टेरेन्स मॅन बाहेर मोकळा. मॅनने ३९ गुण केले, क्लिपर्सने २५ गुणांची पिछाडी भरून काढत मालिका संपवली. वर्षभराने मिनेसोटाने त्याच गोबेरसाठी घर गहाण टाकलं तेव्हा मी मित्रांना तावातावाने सांगत होतो की यांना वेड लागलंय. पहिल्या वर्षी ते ४२ सामने जिंकून पहिल्याच फेरीत गारद झाले आणि माझी छाती फुगली. दुसऱ्या वर्षी ५६ विजय, लीगमधला सर्वोत्तम बचाव, गोबेरला चौथ्यांदा सर्वोत्तम बचावपटूचा मान, आणि गतविजेत्या डेन्व्हरला हरवून कॉन्फरन्सच्या (लीगच्या अर्ध्या भागाच्या) अंतिम फेरीत. त्याच्या पुढच्या वर्षीही तिथपर्यंत. मला चहा पाजावा लागला.

तरी मी म्हणेन की किंमत जास्तच होती. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. यूटाला त्यातून मिळालेला वॉकर केसलर नुकताच ड्राफ्टमध्ये २२ वा निवडला गेला होता आणि पहिल्याच हंगामात नवोदितांच्या पहिल्या संघात गेला. पदार्थ आवडला म्हणून बिल बरोबर होतं असं होत नाही.

पायरी ५: करार उघडून बघा

खेळाडू नाही, करार ट्रेड होतो, असं समजा. २०२५–२६ साठी संघाच्या पगाराची मर्यादा सुमारे १५ कोटी ४६ लाख डॉलर ठरली. ती ओलांडता येते, पण ओलांडल्यावर ट्रेडमध्ये येणारा आणि जाणारा पगार जवळपास जुळावा लागतो. त्यावर दोन कुंपणं आहेत, त्यांना एप्रन म्हणतात. पहिलं १९ कोटी ५९ लाखांपाशी. ते ओलांडलेल्या संघाला दिलेल्यापेक्षा जास्त पगार घेता येत नाही. दुसरं २० कोटी ७८ लाखांपाशी. त्यापलीकडे दोन छोटे करार एकत्र बांधून एक मोठा आणताच येत नाही. २०२३ च्या कामगार करारात हे दुसरं कुंपण आलं आणि मध्यम दर्जाच्या महाग खेळाडूंचा बाजार एका रात्रीत गार पडला.

बचावपटूंच्या बाबतीत यात एक विचित्र पेच आहे. सर्वोत्तम बचावपटूचा पुरस्कार मिळाला की खेळाडू सर्वात मोठ्या 'सुपरमॅक्स' करारास पात्र ठरू शकतो. गोबेरने डिसेंबर २०२० मध्ये पाच वर्षांचा २० कोटी ५० लाख डॉलरचा करार केला तो त्याच वाटेने. ट्रॉफी घरी आली आणि ट्रेडमधली वाट अरुंद झाली. कारण एवढा पगार जुळवायला समोरच्याला तीन-चार माणसं द्यावी लागतात. गोबेरच्या व्यवहारातले पाच खेळाडू बरेचसे त्यासाठीच होते, ते सगळे 'किंमत' म्हणून मोजू नका.

उलट ब्रिजेस २०२४–२५ मध्ये सुमारे २ कोटी ३३ लाखांत पडत होता. करूसो तर १ कोटीपेक्षाही थोडा कमी. स्वस्त करारावरचा चांगला बचावपटू म्हणजे घेणाऱ्याच्या दृष्टीने दोन खेळाडू, कारण वाचलेल्या पैशात आणखी एक माणूस येतो.

पायरी ६: वय आणि हाडं

हे पटकन. बचाव पायांवर चालतो आणि पाय नेमबाजीच्या आधी जातात. ट्रेडच्या वेळी ब्रिजेस २७ वर्षांचा होता आणि एनबीएत आल्यापासून एकही सामना चुकवलेला नव्हता. स्मार्ट २९ चा. चेंडूसाठी जमिनीवर झोकून देणं हीच त्याची ओळख, आणि तेच पुढे महागात पडलं. मेम्फिसकडे पहिल्या हंगामात २० सामने, दुसऱ्यात १९. पुढे तो वॉशिंग्टनहून करार मोडून घेऊन लेकर्सकडे गेला.

स्वभावाचीही सूट बाजारात मिळते. ऑक्टोबर १९९५ मध्ये सॅन अँटोनियोने डेनिस रॉडमनला विल पर्ड्यू नावाच्या सेंटरच्या बदल्यात शिकागोला दिलं. रॉडमन तेव्हा ३४ वर्षांचा आणि त्याच्या रंगवलेल्या केसांइतकाच डोक्याला ताप. शिकागोने पुढची तिन्ही अजिंक्यपदं जिंकली. असा सौदा करायला मात्र घरात आधीपासून मायकल जॉर्डन लागतो.

पायरी ७: कोण विकतंय, कोणाला घाई आहे?

एकाच माणसाचा भाव तीन वेळा तीन प्रकारे कसा लागतो ते बघायचं तर ड्रू हॉलिडे. चांगला बचाव, बरा नेमबाज, तोंडातून ब्र न काढणारा. चेहऱ्यात काही बदललं नाही, फक्त समोरचं गिऱ्हाईक बदलत गेलं.

नोव्हेंबर २०२०. मिलवॉकीचा यानिस आंतेतोकुम्पो मोठ्या करारावर सही करेल की वर्षभरात निघून जाईल, याची आख्ख्या शहराला धास्ती होती. त्याला दाखवायला हवं होतं की आम्ही जिंकायला बसलोय. न्यू ऑर्लिन्सला ही धास्ती पुरेपूर माहीत होती. तिशीतल्या हॉलिडेसाठी मिलवॉकीने एरिक ब्लेडसो, जॉर्ज हिल, पहिल्या फेरीचे तीन पिक आणि दोन स्वॅप मोजले. एकदाही बचावपटूचा पुरस्कार न मिळालेल्या गार्डसाठी ही रक्कम अवाच्या सवा होती. पण डिसेंबरमध्ये यानिसने सही केली. आणि जुलै २०२१ मध्ये अंतिम फेरीच्या पाचव्या सामन्यात शेवटच्या सेकंदांत हॉलिडेने डेव्हिन बुकरच्या हातातून चेंडू अक्षरशः ओरबाडून घेतला आणि धावत्या यानिसला वर फेकला. ५० वर्षांनी मिलवॉकीला अजिंक्यपद मिळालं. त्या पिकांचा हिशोब तिथे आता कुणी विचारत नाही.

सप्टेंबर २०२३. मिलवॉकीने डेमियन लिलार्ड मिळवताना हॉलिडेला पोर्टलंडला दिलं. पोर्टलंड नव्याने संघ बांधत होतं, ३३ वर्षांच्या माणसाचं त्यांना काय काम? पण त्यांनी घाई केली नाही. चार दिवसांत बॉस्टनकडून माल्कम ब्रॉग्डन, रॉबर्ट विल्यम्स आणि पहिल्या फेरीचे दोन पिक वसूल केले. आपल्याला नको असलेली वस्तूही ज्याला हवी आहे त्याच्या भावाने विकायची, हे त्यांना बरोबर जमलं. बॉस्टनने त्याच हंगामात अजिंक्यपद जिंकलं, म्हणजे तेही रडत नव्हते.

जून २०२५. हॉलिडे आता ३५ चा, करारावर तीन वर्षं आणि १० कोटींहून अधिक डॉलर बाकी. बॉस्टन दुसऱ्या एप्रनच्या वर, आणि त्यांच्या जेसन टेटमची मे महिन्यात अकिलीसची शीर तुटलेली. विकायची घाई आता बॉस्टनला. पोर्टलंडनेच त्याला परत घेतलं, बदल्यात अॅन्फर्नी सिमन्स, ज्याचा करार एका वर्षात संपणार होता. पहिल्या फेरीचा पिक एकही नाही. पाच वर्षांत तीन पिक, दोन पिक, शून्य पिक.

म्हणून बातमी वाचताना विचारा, कुणाच्या पायाखाली जास्त आग आहे? खेळाडूचा करार संपत आला असेल तर विकणारा अडलेला. डिसेंबर २०२३ मध्ये टोरंटोने अनुनोबीला न्यूयॉर्कला दिलं तेव्हा उन्हाळ्यात तो मोकळा होऊन जाण्याची भीती होती. त्यांनी आरजे बॅरेट आणि इमॅन्युएल क्विकली घेतले, पहिल्या फेरीचा पिक मिळाला नाही.

आणि काही वेळा न विकणंही चालतं. वरळीत येऊन गेलेल्या टर्नरचं नाव नंतर वर्षानुवर्षं प्रत्येक फेब्रुवारीत ट्रेडच्या अफवांमध्ये असायचं. इंडियानाने त्याला कधीच दिलं नाही. २०२५ मध्ये ते त्याच्यासह अंतिम फेरीपर्यंत गेले, सातव्या सामन्यात हरले, आणि जुलैमध्ये टर्नर मोकळा खेळाडू म्हणून मिलवॉकीला निघून गेला. इंडियानाच्या हाती भोपळा. अफवांच्या काळात दोन पिक घेतले असते तर ते या दोन महिन्यांपेक्षा मोलाचे ठरले असते का, यावर माझं आणि माझ्या भाच्याचं अजून पटत नाही.

पायरी ८: आता स्वतः भाव बांधा

कागद घ्या आणि हर्ब जोन्सचं नाव लिहा. काळ २०२४ चा उन्हाळा. जात: विंग. २०२१ च्या ड्राफ्टमध्ये ३५ वा, म्हणजे दुसऱ्या फेरीतला. नुकताच सर्वोत्तम बचाव संघाच्या पहिल्या पाचात आलेला. तीन गुणांची नेमबाजी ४१.८ टक्के, त्याआधी इतकी चांगली कधीच नव्हती. वय २५. करार चार वर्षांचा ५ कोटी ४० लाखांचा, त्यातली तीन वर्षं बाकी. विकणारा न्यू ऑर्लिन्स, त्यांना काही घाई नाही.

मी तेव्हा लिहिलं होतं: तीन पिक, आणि तेवढे आले तरी न्यू ऑर्लिन्सने हो म्हणू नये. माझी शंका फक्त नेमबाजीवर होती. एका हंगामाचा ४१.८ आकडा खरा मानायचा की योगायोग? म्हणून चारऐवजी तीन.

आता कागद उलटा करा आणि २०२५ चा उन्हाळा लिहा. खांद्याच्या दुखापतीने वर्षभरात खेळलेले सामने फक्त २०. जात तीच, वय एकने वाढलेलं, करार अजूनही स्वस्त. नेमबाजीची शंका फिटायला पुरेसे सामनेच झाले नाहीत. पायऱ्या पुन्हा चढा आणि किती पिक कमी करायचे ते तुम्ही ठरवा. मी एकच कमी केला. तुमचा आकडा वेगळा आला तर कुठल्या पायरीवर वेगळा झाला ते शोधा.

हे जमलं की फेब्रुवारीची वाट बघा. ट्रेडची मुदत अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर दुपारी ३ ला संपते, आपल्याकडे रात्रीचे दीड वाजलेले असतात. बाजारात असलेल्या तीन बचावपटूंचे भाव आधीच लिहून उशीखाली ठेवा. सकाळी मोबाइल उघडण्याआधी कागद उघडा.